कापलेला दिवस

दंतवैद्याकडे मी पुस्तक उघडून बसलो होतो. शेजारच्या नवराबायकोचं बोलणं ऐकायला नको होतं, पण ऐकलं.

"माझा गाल सुजलाय आणि तू हसतेस?"

"तुम्हाला नाही हो. आमच्या टीममधल्या चिमणीनं माझा एक दिवसाचा पगार कापला."

"तुझा? अगं, अख्ख्या साबण कंपनीचे पगार तू काढतेस."

"सासूबाईंना दवाखान्यात नेलं, त्या दिवसाच्या रजेचा अर्ज भरायचा राहिला."

"मग विचारायचं तरी तिनं."

"दोनदा विचारलं. मी नुसतं भरते, भरते म्हणत राहिले."

"गुरूची विद्या गुरूलाच. चांगली झाड तिला."

"झाडीन उद्या. आज साहेबांना नाव कळवायचंय, मी निवृत्त झाल्यावर माझ्या जागी कोण ते."

"त्यापायी आठवडाभर झोपली नाहीस."

"पोरं गुणी आहेत हो. पण वरच्यांनी डोळे वटारले, तर नियमाला धरून कोण उभं राहील, हीच धास्ती होती."

"आणि आता?"

"तुमचा नंबर आला, जा. तोवर मी चिमणीचं नाव कळवते."

"आणि कापलेला पगार?"

"तिच्याकडे मागायची माझी छाती नाही."