अंधारात चमकलेला केक

नाही नाही, ती बशी खाली ठेवा, खायची नाहीये! बिस्किटं नव्हेत हो, मशरूम आहेत. पॉलिमर क्लेचे. फसलात ना? सगळेच फसतात. या, ओव्हन इकडे आहे. मंगळवारपासून तापतच नाही, आतला दिवासुद्धा लागत नाही. तुम्ही खोला मागचं झाकण, मी आपला बोलतो — घरात दुसरं कोणी नाही ना बोलायला. म्हणजे आहे, बायको आहे — बहिणीकडे गेलीय, आठवडाभरासाठी. आज सदतीस दिवस झाले.

हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो मी. लोक म्हणाले, आता वेळ कसा जाणार? म्हटलं, बघाच! ही माती पाहिलीत? माती म्हणायचं, आहे प्लॅस्टिकच. कणकेसारखी मळायची, चमकणारी पावडर घालायची, काचेच्या बरणीवर पानं-वेली चिकटवायच्या, अर्धा तास भाजायचं, आत छोट्या दिव्यांची माळ सोडायची. माळ बंद केली तरी वेली हिरव्यागार चमकत राहतात. बाथरूममध्ये तर चंद्र लावलाय मी, बघून या हवं तर. नको? बरं.

ओव्हन तसा तिचा. केक करायची ती, ऑर्डरचे, अकरा वर्षं. आता क्लेच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, खाण्याच्या ओव्हनमध्ये भाजू नका म्हणून — पण असं काय, सगळ्यावरच काहीतरी लिहितात! मी कधी अडवलं नाही हो तिला. उलट वेळापत्रक करून लावलं भिंतीवर, रंगीत पेननं — सकाळी दहा ते संध्याकाळी सहा मी, बाकीचा वेळ सगळाच्या सगळा तिचा. लाटणं तेवढं घेतलं. आणि चार-पाच साचे. दारावरची चमकती पाटी पाहिलीत ना येताना? माझं नाव आहे ते. आधी तिथं तिची केकची पाटी होती, चौकट चांगली होती, म्हणून वापरली. वस्तू वाया का घालवायची?

तर तिच्या गिऱ्हाइकांपैकी एका डेंटिस्टबाईंच्या मुलीचा वाढदिवस. केक गेला इथून, पांढराशुभ्र, देखणा. तिकडे कुणीतरी हौसेनं खोलीतले दिवे घालवले, पोरीनं मेणबत्त्या फुंकल्या — आणि केक चमकतोय! हिरवा! तिच्या पिठीसाखरेच्या चाळणीतून मी पावडर चाळली होती. नंतर धुतली होती हो, चांगली दोनदा धुतली होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या म्हणे, पण हे कोणी सांगत नाही, डेंटिस्टबाईंनी केक परत पाठवला तेवढंच सांगतात. हिचा तीन दिवस एक शब्द नाही. मला वाटलं, चला, विषय मिटला. चौथ्या दिवशी बॅग भरली. म्हटलं, झालं तरी काय? तर म्हणाली, "अहो, मी केक करायचे." करायचे! मी म्हटलं, दार हळू लाव, बरणीवरची वेल अजून मऊ आहे.

मंगळवारी येऊन गेली. मी क्ले आणायला बाहेर पडलो होतो, नेमकी तेव्हाच. उरलेले साचे नेले, तिच्याकडची किल्ली टेबलावर ठेवून गेली. मला बरंच वाटलं — म्हणजे तिकडे केक सुरू झालेत तिचे, राग उतरला की येईलच —

सापडलं? वायर जळली ना? जळली नाही? मग? कापलीय? बघू. एवढी सरळ? उंदीर असेल. हो, उंदीर झाकणाचे स्क्रू परत लावत नाही, कळतं मला, हेडक्लार्क होतो मी.

असो. जोडून टाका, तुमचं पाच मिनिटांचं काम. काय? गॅरंटी कार्डावर बाईंचं नाव-नंबर आहे, त्यांना विचारावं लागेल? अहो, मी नवरा आहे तिचा! बरं, करा, करा फोन. उचलणार नाही ती. तिचा फोन बिघडलाय. महिना झाला, नुसती रिंग वाजत राहते, मी रोज सकाळी —

उचलला?

पहिल्याच रिंगला?

काय म्हणाली? "जोडू नका." बरं. आणखी काही? माझी चौकशी — तब्येत वगैरे — जेवतो की नाही, असं काही?

नाही.

असू दे. झाकण लावा, आणि निघा तुम्ही.