टाकी रिकामी होते

खालापूरच्या दवाखान्यात गोळ्यांसाठी बसलो होतो. दुसऱ्यांचं ऐकू नये हे कळतं, पण बाक एकच होता. शेजारी नर्सबाई एका बाळंतिणीला कागदावरचे प्रश्न विचारत होत्या आणि उत्तरं सासू देत होती.

"समीक्षा, झोप लागते?"

"लागते की. घोरते."

"अंबाबाई, मी तिला विचारतेय. जेवण जातं?"

"डिंकाचे लाडू खाते. मीच करते."

"टाके दुखतात?"

"नाय. रोज शेक देते मी."

"या आठवड्यात उगाच रडू आलं?"

"बाळंतीण रडत नाय आमच्यात, दूध आटतं. नाय लिवा. फक्त आंगोळीला लय वेळ लावते. रोज टाकी रिकामी."

"समीक्षा, तू बोल गं."

"येतं. रोज."

"कधी?"

"आंगोळीला गेले की. नळ सोडून ठेवते."

सासूने बाळाचं टोपरं सारखं केलं. ते सारखंच होतं.

"बाई, ते 'नाय' खोडा."

"खोडलं. आता डॉक्टरबाईंना भेटूनच जा. अंबाबाई, तुम्हाला विचारलं होतं का हो कुणी, तुमच्या वेळी?"

"कोण इचारणार? आन नळ कुठं होता तवा? मी नदीवर जायचे."