दोन नंबरचा मोबाईल

जबाब

नाव: अफसाना पिता शेख महेबूब (मयत). वय: चोवीस वर्षे. शिक्षण: बारावी. धंदा: शिलाईकाम. राहणार: गोरेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली. मोबाईल नंबर: आहे, पण लागत नाही; त्याच्याचपायी इथे आले आहे.

आज हिंगोलीच्या ठाण्यात बोलावून विचारल्यावरून समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी माझी आई शाहिस्ता हिच्यासोबत राहते. घरात पुरुष माणूस नाही. त्यामुळे आमच्या घरचे सगळे मोठे निर्णय आईचे भाऊ, म्हणजे माझे मामू खाजा मिया, हे आपल्या पंक्चरच्या दुकानात बसून घेतात. लहान निर्णयही तेच घेतात. शिवाय ते गावातले मोबाईलचे जाणकार आहेत. ही पदवी त्यांना कोणी दिली ते मला माहीत नाही. या प्रकरणातला तक्रारी अर्ज त्यांनीच दिलेला आहे.

माझी मंगनी साखरा येथील मुजफ्फर याच्याशी झालेली आहे. तो मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. पुढच्या महिन्यात तो सुट्टीवर येणार आणि तेव्हा निकाह, असे ठरले होते. मंगनीनंतर आम्ही फोनवर बोलत होतो. अम्मीला ते माहीत होते. आमचे बोलणे सुरू झाले की ती मुद्दाम मोरीत भांडी घासायला बसायची, घासलेली असली तरी. माझ्या जुन्या फोनचा आवाज खरखर यायचा, म्हणून मुजफ्फरने तिकडून एक मोबाईल घेऊन दिला. साखऱ्याचा साजीद सुट्टीवर येत होता, त्याच्या हाती तो पाठवला. बॅगेचे वजन जास्त झाले म्हणून डबा तिकडेच राहिला. मोबाईल टॉवेलात गुंडाळून, खजुराच्या पाकिटासोबत आला.

मी माझे सिम त्यात टाकले. मोबाईल चालू झाला, फोटो चांगले निघाले, पण नेटवर्क नाही. घरात नाही, गच्चीवर नाही, बाजारात नाही. नंतर अस्तर आणि दोरा आणायला हिंगोलीला गेले तर बसस्टँडवर उतरल्याबरोबर नेटवर्कच्या काड्या भरल्या आणि मुजफ्फरचा फोन आला. आम्ही भरपूर बोललो. मला एवढा आनंद झाला की अस्तराचा रंग चुकीचा घेऊन आले. परत येताना वाटेतच नेटवर्क गेले. ही गोष्ट मी घरी येऊन हौसेने सांगितली. सांगायची काही गरज नव्हती.

मामूंनी तपासणीसाठी मोबाईल सिमसकट ताब्यात घेतला. गावात बंद आणि हिंगोलीत चालू, हे चोरीच्या मालाचे पहिले लक्षण आहे असे ते म्हणाले. चोरीला गेलेला मोबाईल सरकार बंद करते हे त्यांनी कुठेतरी ऐकले होते. पण सरकार फक्त गोरेगावात बंद करून हिंगोलीत चालू का ठेवील, हे त्यांनी सांगितले नाही. मी विचारले तेव्हा म्हणाले, पोरीच्या जातीने मध्ये बोलू नये.

मग त्यांनी चांदणी, जाळी, शून्य, सहा, जाळी, म्हणजे *#06#, असे दाबले. त्यावर मोबाईलचा ओळख नंबर दिसतो, ज्याला आयएमईआय म्हणतात. तो पंधरा आकड्यांचा असतो. स्क्रीनवर असे नंबर दोन आले. मामूंना एकच पाहिजे होता. एका माणसाला एक आधार कार्ड, एका गाडीला एक नंबर, मग एका मोबाईलला दोन काहून, असे ते म्हणाले. त्यातला एक खरा आणि एक खोटा, असा निकाल त्यांनी तिथेच दिला. शिवाय आपल्या देशाचा कोड एक्क्याण्णव, आणि हे नंबर तर पस्तीसपासून सुरू होऊन राहिले, म्हणजे माल परदेशातून पळवलेला आहे, असेही सांगितले. मोबाईल मस्कतहून आला हे घरात सगळ्यांना आधीच माहीत होते. तरी तो परदेशी निघाला याचा त्यांना फार धक्का बसला.

त्यानंतर मामू चहाच्या हॉटेलात गेले आणि चारचौघांत म्हणाले की अफसानाच्या होणाऱ्या नवऱ्याने दोन नंबरचा मोबाईल पाठवला. त्यांना तेव्हा नंबर दोन आहेत असे म्हणायचे होते की माल दोन नंबरचा आहे असे म्हणायचे होते, हे मी त्यांना नंतर विचारले. ते म्हणाले, दोन्ही. दोन नंबरचा माल म्हणजे काय, हे आमच्या बाजारात शेंबड्या पोरालाही समजावून सांगावे लागत नाही.

हॉटेलात लालसिंगभाऊ बसले होते. ते तांड्यावरचे आहेत, त्यांची जीप गोरेगाव ते साखरा चालते. माणूस वाईट नाही. फक्त सीट भरेपर्यंत जीप हलत नाही, आणि तोपर्यंत तोंड थांबत नाही. पहिल्या फेरीत मोबाईल दोन नंबरचा होता. दुसऱ्या फेरीत मुजफ्फर दोन नंबरचे धंदे करत होता. दिवस मावळायच्या आत मुजफ्फर मस्कतला आत बसला होता. मी लालसिंगभाऊंना गाठून विचारले तर म्हणाले, "ताई, डिझेल माझं हाय, गोष्ट माझी न्हाई."

दुसऱ्याच दिवशी मुजफ्फरची आई कमरजहाँ आमच्या दारात आली. ती आत आली नाही, पाणी घेतले नाही. "माझ्या पोराला चोर म्हणणाऱ्या घरची पोरगी मला नको," असे म्हणाली. मामू आतून म्हणाले की चोराच्या घरी आम्हालाही भाची द्यायची नाही. मंगनी ठरवताना हुंडा, भांडी, पाहुणे, जेवण यांवरून या दोघांचे एकदाही जुळले नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदा एकमत झाले. येत्या शुक्रवारी नमाजनंतर जमातीचे चार मोठे लोक बसून मंगनी मोडणार, असे ठरले. मला कोणी काही विचारले नाही. मी ब्लाऊज शिवत होते. बाही उलटी लागली, ती उसवली आणि परत उलटीच लावली. मला राग आला होता आणि रडू येत होते, दोन्ही एकदम. हे जबाबात कशाला, असे लिहून घेणाऱ्या करुणा मॅडमनी विचारले. मी म्हटले, घडलेले सगळे सांगा असे तुम्हीच म्हणालात.

एवढ्यावर मामूंचे समाधान झाले नाही. मुजफ्फर सुट्टीवर आला की विमानतळावरच धरता यावा, म्हणून त्यांनी या ठाण्यात अर्ज दिला आणि मोबाईल बंद करून पाकिटात घालून जमा केला. गुन्हा दाखल झाला तर मुजफ्फर नोकरीवर परत जाऊ शकणार नाही, हे त्यांना कळते का असे अम्मीने विचारले. ते म्हणाले, कायदा सगळ्यांना सारखा.

आज मी आणि मामू हजर झाल्यावर साहेबांनी डबा आणि बिल मागितले. दोन्ही नव्हते. मामूंनी माझ्याकडे असे बघितले की जणू आत्ताच बेड्या पडणार. करुणा मॅडमनी मोबाईल चालू करून तेच चांदणी-जाळी दाबले आणि दोन्ही नंबर उतरवले. मग केवायएम असे लिहून पुढे एकेक नंबर टाकून दोन संदेश १४४२२ वर पाठवले. उत्तरात कंपनी आणि मॉडेल आले, दोन्ही नंबरांचे एकच आणि हातातल्या मोबाईलशी जुळणारे. चोरीची नोंद कशावरच नाही. मॅडमनी सांगितले की या मोबाईलमध्ये दोन सिम बसतात, आणि प्रत्येक सिमच्या जागेला कंपनीच आपला वेगळा नंबर देते. सिमचा नंबर वेगळा, हा यंत्राचा नंबर वेगळा. एक्क्याण्णवचा कोड फोन लावण्यासाठी आहे, त्याचा इथे संबंध नाही.

मामूंना हे पटले नाही. असे कुठे असते का, असे त्यांनी विचारले. म्हणून मॅडमनी स्वतःच्या मोबाईलवर तेच दाबले. दोन नंबर आले. शेजारच्या हवालदारांच्या मोबाईलवर दोन. साहेबांच्या मोबाईलवर दोन. साहेबांनी तो लगेच खिशात घातला. मग मामूंचा मोबाईल मागितला. ते म्हणाले चार्जिंग कमी आहे. तरी दाबून पाहिले. त्यावरही दोन. म्हणजे या ठाण्यात आज बसलेले सगळेच दोन नंबरचे आहेत. मी हे तेव्हा बोलले नाही, फक्त ओढणी तोंडाला लावली. आता बोलते आहे, कारण जबाब खरा द्यायचा असतो.

नेटवर्कचे काय, असे मामूंनी शेवटचे विचारले. साहेबांनी त्यांच्या ओळखीच्या मोबाईल दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, मोबाईल दुसऱ्या देशात विकायला बनवलेला आहे. टॉवर ज्या लहरींवर चालतो त्याला बँड म्हणतात. गोरेगावच्या टॉवरचा बँड या मोबाईलमध्ये नाही, हिंगोलीच्या टॉवरचा आहे. घेण्याआधी मॉडेल नंबर टाकून बँड जुळतात का ते बघायचे असते. मुजफ्फरने स्वस्त मिळाला म्हणून न बघता घेतला असणार. ही चूक त्याची आहे आणि ती मी त्याला वेगळी ऐकवणार आहे. पण बँड न जुळणे हा गुन्हा असेल तर मामू आणि कमरजहाँ यांनाही आत घ्यावे लागेल.

जबाब इथपर्यंत लिहून झाला असताना टेबलावरचा तोच मोबाईल वाजला. इथल्या टॉवरचे नेटवर्क त्याला मिळत होते. स्क्रीनवर 'अस्तरवाला' असे नाव आले. मामू म्हणाले, कपड्याचा व्यापारी आहे, वाजू द्या. मी हात पुढे केला तर हवालदार म्हणाले की मुद्देमाल आहे, हात लावू नका. मी तो वाजताना बघत बसले. पूर्ण वाजला आणि थांबला. परत वाजला. मी म्हटले, साहेब, हा व्यापारी नाही. मामूंना कळू नये म्हणून मी नाव असे ठेवले होते. तो मुजफ्फर आहे. साहेबांनी सर्वांसमोर आवाज मोठा करून बोलायची परवानगी दिली.

मुजफ्फर जे बोलला ते असे: "अफसाना? लागला एकदाचा. रोज लावून राहिलो. तुमच्या अम्मीच्या फोनवर लावला तर मामू बोलले. म्हणे तू पण मला चोर समजतेस, म्हणून बोलत न्हाईस. तुला नको असंल तर तू गप्पच राहा. मी समजून घेईन आन् मीच मोडली म्हणून सांगीन. तुझ्यावर बोट येणार न्हाई."

मामू पंख्याकडे बघू लागले. मी मुजफ्फरशी बोलायला तयार नाही, असे मी त्यांना कधीही सांगितले नव्हते. ते त्यांनी स्वतःच्या मनाने सांगितले.

आता इथे एक अडचण होती ती नोंदवावी. आमच्यात मुलीला मोठ्यांसमोर विचारले की तिने मान खाली घालून गप्प बसायचे. गप्प बसली म्हणजे राजी आहे, असे मोठे लोक समजतात. मंगनीच्या दिवशी मी अशीच गप्प बसले होते आणि सगळ्यांनी साखर खाल्ली होती. पण हा फोन होता. इथे मी गप्प बसले असते तर मुजफ्फरने नकार समजून फोन ठेवला असता, आणि मामूंनी तो होकार समजला असता, म्हणजे मोडायला होकार. टेबलाच्या एका बाजूला मामू होते आणि समोर साहेब.

मी म्हटले, "मुजफ्फर, मी ठाण्यात आहे. जबाब चालू आहे. मी जे बोलेन ते लिहिलं जाईल."

तो म्हणाला, "मंग लिहू दे."

मी म्हटले, "मला हा निकाह कबूल आहे."

करुणा मॅडम थांबल्या आणि हे लिहू का असे त्यांनी विचारले. मामू म्हणाले, याचा मोबाईलशी काय संबंध, हे लिहायचे नाही. मी म्हटले, लिहा. तिकडून मुजफ्फरने नाक ओढल्याचा आवाज आला, तो सगळ्यांनी ऐकला. साहेब उठून बाहेर गेले.

माझी मुजफ्फरविरुद्ध काहीही तक्रार नाही. मामूंविरुद्ध आहे, पण ती आम्ही घरी बघून घेऊ, त्यासाठी ठाण्याला तकलीफ देणार नाही. या जबाबाची एक नक्कल मला मिळावी. शुक्रवारी जमातीसमोर ती वाचायची आहे, आणि वाचणार मामू आहेत, असे त्यांनी आत्ता इथे कबूल केले आहे.

मोबाईल मामूंच्या नाही, माझ्या हातात आणि माझ्या सहीवर परत मिळाला. हा जबाब करुणा मॅडमनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मधले टोमणे गाळू का असे त्यांनी विचारले, मी नको म्हटले. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बराबर आहे. 'कबूल आहे' हे मी आज एकदा सांगितले, तेवढेच लिहावे. बाकीचे दोनदा काझीसाहेबांसमोर सांगेन.

सही: अफसाना