बंद मागांचा आवाज

दुष्काळाच्या साली तिसगावच्या एसटी थांब्यावर रांगेत पुढचे दोघे बोलत होते. मालनबाई ऐकत होत्या.

"रशीद, खडी फोडायला जातोस म्हणं?"

"व्हय खाजाभाई. सूत महागलं, तुमी हातमाग बंद केले. मग काय करनार?"

"बारा माग चालायचे तवा शेजारी वरडायचे. आता म्हणत्यात, आवाजाबिगर झोप लागत न्हाई."

"मला बी लई आठवतो त्यो आवाज."

"सूत उतरलंय. एक माग सुरू करतो. येतोस?"

"हात बघा की. बारीक धागा बोटाला अडकून तुटंल."

खाजाभाईंनी त्याचा खरबरीत तळवा हातात धरला. मालनबाईंनी नकळत आपला पदर चाचपला.

"मग आधी जाड्या सुताचे पंचे विनू. हात मऊ हुईस्तोवर."

खडीच्या कामाकडं जाणारी गाडी आली. मालनबाई चढल्या. रशीद चढला नाही.