कानामागची बट

(आटपाडीतलं एक मंगल कार्यालय. नवरीच्या खोलीत तिघीच : नवरी संयोगिता, तिची आई अंजना आणि थोरली आत्या बनाबाई. सकाळचे दहा वाजून गेलेत. अक्षता बारा छत्तीसच्या.)

अंजना : हात लावू नगंस म्हटलं न्हवं? फणी ठेव खाली आधी.

संयोगिता : माझेच केस हायत ते, आई. बाकी सगळे झाले कुरळे, एवढी एक बट राहिलीया. ती अशी दोरखंडागत ठेवून बोहल्यावर जाऊ का?

अंजना : विहीणबाई काय बोलून गेल्या ते ऐकलंस की. चुडा भरायला म्हणून आल्या, तुझ्या कानामागं नजर गेली, आन् उभ्या जागी पदर पसरला त्यांनी. स्वतःच्या हातानं हळदीकुंकू लावलं त्या बटंला. फणी लावायची न्हाई म्हणाल्या. मंग न्हाई लावायची.

संयोगिता : जट आलीया म्हणं. माझ्या डोक्यात, एका रात्रीत.

अंजना : देवी काय चिठ्ठी धाडून येती का?

संयोगिता : देवी न्हाई गं, स्प्रे हाय तो. आत्ती, तू तरी सांग हिला.

बनाबाई : मला तुझ्या स्प्रेतलं काय कळतंय. काय काय केलंस ते पयल्यापासनं सांग.

संयोगिता : काल हळद लागली. आई म्हणाली, आज डोक्यावरनं पाणी घ्यायचं न्हाई. बरं म्हटलं. मानेवरचं हळदीचं तेल मागच्या केसात उतरलेलं, ते तसंच राहिलं. आन् माझे केस तर तुला ठावं. कमरेखाली येतेत आन् सुतासारखे सरळ. साखरपुड्याला पार्लरवालीनं दोन तास घातले, फोटोच्या टायमाला एक कर्ल शिल्लक न्हवता. म्हणून ह्या बारीला म्हटलं, आपलं आपणच करायचं. महिनाभर व्हिडिओ बघून शिकले. बट घ्यायची, तापल्या रॉडला गुंडाळायची, गरम असतानाच वेटोळं करून पिन लावायची, वरनं स्प्रे मारायचा आन् सकाळपतोर फडकं बांधून ठेवायचं. मागची बट मला दिसत न्हवती. तेलावरच मारला स्प्रे, आन् भीतीपोटी जास्तच मारला. पिन आत अडकली. सकाळी ओढली तर सगळं एकात एक गेलेलं. एवढीच गोष्ट हाय.

बनाबाई : दुसरी पार्लरवाली बघायची की.

संयोगिता : मला स्वतःच्या हातानं करायचं हुतं. जन्मल्यापासनं ऐकतीया, सरळ केसाची सरळ पोरगी. एक दिवस आरशात जरा येगळी दिसावी वाटलं.

अंजना : दिसलीस की येगळी. आता बाहेर बायका ताटं घेऊन बसल्यात.

संयोगिता : कसली ताटं?

अंजना : वटीची. धा-बारा जणी हायत. नवरीचं दर्शन घेऊन जातो म्हणत्यात.

संयोगिता : दर्शन? आई, मी नवरी हाय का मूर्ती?

अंजना : वाईट काय झालं त्यात? सासू सुनेच्या पायाशी बसती, किती जणींच्या नशिबी हाय हे? मी तुझ्या आजीच्या हाताखाली अठरा वर्षं मान वर केली न्हाई. तुला कुणी टाकून बोलायचं न्हाई, कुणी शेण काढायला लावायचं न्हाई. पाटावर बसून खाशील.

बनाबाई : पाटावर बसून खाल्लेलं गळ्याखाली उतरतंय का, ते मला इचार.

अंजना : तुमची गोष्ट येगळी, वन्सं.

बनाबाई : कशी येगळी?

अंजना : तुमी माहेरीच राहिलात. हिला नवरा हाय, घर हाय.

बनाबाई : बरं. ह्या तुझ्या विहिणीच्या, अर्जुनाबाईच्या घरात देवीचं माणूस हुतं म्हणालीवतीस तू मागं. कोण हुतं ते?

अंजना : त्यांची धाकटी जाऊ. गुडघ्यापतोर जट हुती म्हणं. मंगळवार-शुक्रवारी मिरजेपासनं माणसं यायची त्यांच्या दारात. दोन वर्षं झाली तिला जाऊन.

बनाबाई : म्हंजे तीबी सूनच हुती त्या घरची.

अंजना : व्हय. लग्नानंतर आली तिला जट.

बनाबाई : पोरंबाळं?

अंजना : न्हाईत. देवीचं माणूस नांदतंय व्हय? देवीच्या गादीवर बसायची, त्याच खोलीत निजायची म्हणं. दिरानं मंग दुसरी केली.

बनाबाई : आन् गादी?

अंजना : मोकळीच हाय. कोण बसणार?

संयोगिता : आई.

अंजना : तसं काय न्हाई. उगंच तुमी दोघी माझ्याकडं असं बघू नका.

बनाबाई : पोरगी बघायला आल्या तवा अर्जुनाबाईनं काय काय इचारलं, आठवतंय का?

अंजना : काय इचारणार. शिक्षण इचारलं, सैपाक इचारला.

संयोगिता : न्हाई. वेणी सोडायला लावली मला. पाठमोरी उभी केली. शिक्षण तर दिग्विजयनी इचारलं, तेबी जाताना.

अंजना : लांब केसाची हौस असती एखादीला. मला तसंच वाटलं. माझं पोर चांगलं हाय म्हणून बघत्यात, असंच वाटलं मला.

बनाबाई : दिग्विजयला सांगितलंस का गं हे, जावयाला?

संयोगिता : मेसेज टाकला मघाशी. फोन उचलला न्हाई.

बनाबाई : काय आलं उत्तर?

संयोगिता : वाचूनच दाखवते. "आई म्हणेल तसं कर. तिला दुखवू नको. माझी रजा अकरा दिवसच राहिली आहे."

बनाबाई : आन् अकरा दिवसांनी?

संयोगिता : जम्मूला जाणार. मंग पुढच्या उन्हाळ्यात.

बनाबाई : म्हंजे घरात तू आन् सासू.

संयोगिता : आन् ती मोकळी गादी.

बनाबाई : अंजना, खोबरेल दे इकडं. ती बाटली.

अंजना : वन्सं, पाया पडते तुमच्या. ह्यांच्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्यात, वर्ष झालं न्हाई अजून. जटंला फणी लावली की घरचा कर्ता जातोय म्हणत्यात. लालासाहेब तुमचाबी भाऊच हाय.

बनाबाई : माझाच हाय. पाठीवर घेऊन वाढवलाय त्याला. म्हणून तर फणी लावत न्हाई, बोटानं सोडवते.

अंजना : तेच की ते.

बनाबाई : मंग पाप मला लागू दे. सोडवणारीच्या घरादाराला लागतंय म्हणत्यात न्हवं? माझं कुठलं आलंय घरदार. देवी आली तर मोकळ्या हातानं परत जाईल. बाटली दे.

अंजना : तुमच्या स्वतःच्या पदराखाली काय हाय ते तरी आठवा, वन्सं.

बनाबाई : इसरंन कशी? शेहेचाळीस वर्षं एकाच कुशीवर निजतीया. दुसऱ्या कुशीला टोचती ती.

संयोगिता : ही घे बाटली, आत्ती. तिच्या हातून घेऊन बसशील तर बारा वाजतील.

बनाबाई : मान खाली घाल. अशी. हलू नगंस आता.

संयोगिता : आत्ती, तुझी जट कशी आली गं? घरात कुणी कधी सांगितलंच न्हाई मला.

बनाबाई : आली कुठनं. चौदा वरसाची हुते. टायफाईड झाला. महिना दीड महिना अंथरुणात, ना न्हाणं ना इंचरणं. उठून बसले तर मागं ही एवढी गाठ. माझी आई तेल आन् कंगवा घेऊन बसलीबी हुती माझ्या मागं. तेवढ्यात शेजारची म्हातारी ताक न्यायला आली. बघितलं तिनं आन् म्हणाली, थांब गं, ही साधी न्हाई. आई थांबली.

संयोगिता : आन् तू?

बनाबाई : मला बरं वाटलं हुतं त्या दिवशी. कंगवा दुखायचा.

अंजना : एवढं मला कवा बोलला न्हाई तुमी.

बनाबाई : तू कवा इचारलंस. नवी सून आलीस तवा माझ्या पायावर डोकं ठेवलंस, तवापासनं ठेवतीयास. हे बघ, इकडं ये. एक पदर सुटला.

अंजना : कुठं?

बनाबाई : हात लाव की. चावत न्हाई.

अंजना : चिकट हाय.

संयोगिता : स्प्रे तो. तेलानं सुटतोय. मी कवाधरनं तेच सांगतीया.

अंजना : अजून एक निघाला, वन्सं. हे बघा. आन् हा इकडचाबी. जट सुटत न्हाई म्हणत्यात.

बनाबाई : सोडवून कोण बघतंय.

अंजना : पिन निघाली. आईगं, अख्खी पिन आत हुती. वन्सं, मंग तुमचीबी तवाच...

बनाबाई : आता काय त्याचं. आता दगड झालाय तिचा. फडकं दे, तेल टिपून घेऊ.

अंजना : मी जाते. विहीणबाईंना सांगून येते. गाठ हुती, सुटली म्हणून. त्याबी आईच हायत. हसतील आन् बायका उठतील दारातनं. ही पिन नेते दाखवायला.

संयोगिता : खरंच जा, आई. लवकर सांग.

बनाबाई : जा. गेलीच बघ, चपलाबी न घालता. बटंला काय करायचं आता?

संयोगिता : गुंडाळते रॉडला. तेल लागलंय, नीट बसायची न्हाई. पण गुंडाळते. तू मागनं धरशील का?

बनाबाई : हे तापतंय किती. कान भाजंल तुझा.

संयोगिता : न्हाई भाजत. टोक धर फक्त. दहापतोर आकडे मोज.

बनाबाई : मोजते. झाले. सोडू?

संयोगिता : सोड. बसलं का वेटोळं?

बनाबाई : बसलंय की. द्राक्षाच्या येलाला तणावा असतोय, तसं. गोड दिसतंय.

संयोगिता : आत्ती, तुला मागणी आली हुती का गं कधी?

बनाबाई : एक स्थळ आलं हुतं. वाईकडचा मास्तर. पोरगा बरा हुता, जरा तोतरा. जट हाय म्हटल्यावर माझ्या पाया पडला आन् गेला. सतरा वरसाची हुते मी. लय हसू आलं मला. मंग लय दिवस काय आलं न्हाई, हसूबी.

संयोगिता : मला भ्या वाटतंय.

बनाबाई : वाटू दे. खोटं न्हाई ते.

संयोगिता : आई आली. काय झालं गं? अशी का उभी हाईस?

अंजना : काय न्हाई. पाणी दे जरा.

बनाबाई : बस आधी. रागावल्या का?

अंजना : रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, वन्सं. हसल्या. मी पिन दाखवली, गाठ सुटली म्हणून सांगितलं. तर म्हणाल्या, सुटू द्या की. आमच्या जाऊचीबी पयल्यांदा दोनदा सुटली हुती. तिचे केसबी असेच सरळ हुते म्हणाल्या. घरी आली की आमी बघतो. आमच्या घरात फणीच लागत न्हाई.

संयोगिता : असं म्हणाल्या?

अंजना : गोड बोलून म्हणाल्या. माझा हात हातात घेऊन. आन् गाडी धाडून घरनं तिची परडी आणलीया, देवीच्या नावानं जोगवा मागायची टोपली, आन् कवड्यांची माळ. त्या मेलेल्या जावेची. मंगळसूत्राच्या आधी ती माळ घालायची म्हणाल्या. माझ्या हातात दिली, वजन बघा म्हणून. जड हाय. लय जड हाय ती.

बनाबाई : जावई कुठं हुता?

अंजना : तिथंच. फेटा बांधून घेत हुते. मी त्यांच्याकडं बघितलं, बोला की म्हणून. ते आरशात बघत राहिले.

संयोगिता : आन् बाबा?

अंजना : पाहुण्यांना पंगतीला बसवत्यात. त्यास्नी अजून काय ठावं न्हाई.

बनाबाई : बाहेर काय पुकारतेत ते?

अंजना : नवरीच्या मामाला बोलवायलेत. पूजेला आणा म्हणून.

संयोगिता : आई, मी न्हाई जाणार बाहेर.

अंजना : हजार माणूस जेवतंय खाली.

संयोगिता : जेवू दे.

अंजना : आपल्या दोनच गाड्या हायत. बाकी सगळं गाव त्यांचं हाय. आपल्या घरी फलटणला पोचायला तीन तास लागत्यात.

संयोगिता : ठावं हाय मला.

बनाबाई : अंजना, तुझ्यावर हाय आता. मी सांगून तुझा नवरा ऐकायचा न्हाई, मी देवीची, नुसता पाया पडंल. तू सांगितलंस तर ऐकंल.

अंजना : त्यांच्या छातीचं काय?

बनाबाई : त्याची गोळी कुठाय?

अंजना : माझ्या पिशवीत हाय. जिभंखाली ठेवायची.

बनाबाई : मंग त्याला हितं बोलवून घे. आधी बसव, गोळी हाताशी ठेव, मंग सांग.

संयोगिता : दार वाजतंय. आई, त्याच असतील. कडी घाल आधी.

अंजना : आत येतानाच घातली, बाई.