दारावरची फुली

तुम्ही हसाल, म्हणून मी बी.ए. झालेली आहे हे आधीच सांगून ठेवते.

आम्ही बोथ या गावी राहत असताना मी आठ दिवसांनी माहेरहून परतले, तर आमच्या दारावर खडूची फुली. गल्लीतल्या बाकी सगळ्या दारांवर इंग्रजी ‘पी’. घरात सात महिन्यांचं बाळ. माझ्या मनात एकच आलं, ही मुलं पळवणाऱ्यांची खूण.

हे म्हणाले, “चोर काय खडू घेऊन फिरून राह्यले?”

मला पटेना. मी फुली पुसली आणि शेजारच्यांसारखाच ‘पी’ काढला.

दुसऱ्या दिवशी खांद्याला डबा अडकवलेली एक बाई प्रत्येक दार निरखत आली आणि आमचा ‘पी’ बघून पुढं गेली. खिडकीआड मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात शेजारच्या सुमनकाकू म्हणाल्या, “पोलिओवाली होती न व ते. ‘पी’ म्हंजे थेंब झाले, फुली म्हंजे लेकरू राह्यलं.”

बाळाला उचलून तिच्यामागं धावले, सगळं कबूल केलं. तिनं थेंब पाजले, बाळाच्या करंगळीला शाई लावली आणि वही उघडून मला विचारलं, “अजून कोनाकोनाच्या दारावर लिहिलं तुमी?”