तुटलेला हूक जोडून बघू नका

मंडळी, मला भाषण करता येत नाही. त्यात समोर सगळे सातपूरचे कारखानदार, पांढरे कपडे घालून. पण गोसावी वहिनी म्हणाल्या, "निवृत्तीभाऊ, आमच्या ह्यांच्याबद्दल तुम्ही बोला." म्हणून उभा राहिलो. वहिनींचा मान राखतोय. तुमचा नाही.

मघापासून ऐकतोय. गोसावी सर देवमाणूस. गोसावी सरांची टेस्टिंग लॅब म्हणजे नाशिकची शान. लॅबला थेट दिल्लीची मान्यता! होती ना. दिल्लीची होती. तुमचीच नव्हती.

मी क्रेन चालवायचो. एक दिवस क्रेनचा हूक तुटला. खाली सुभाष होता, माझा जोडीदार. जागेवर गेला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं एकच, निवृत्तीनं झटका दिला. सुभाषच्या आईनं माझ्या घरी येणं सोडलं. मी खुनी ठरलो, मंडळी. खुनी!

हुकाचे तुकडे सरांकडे गेले. कसे गेले, माहितीये? आमच्या मॅनेजरनं तुटलेली दोन्ही तोंडं एकमेकांवर दाबून, फिरवून बघितली. फुटलेली कपबशी जोडून बघतात ना, तशी. सर असे भडकले! "किती वेळा सांगू? तुटलेलं जोडून बघू नका! का तुटलं ते त्या तोंडावरच असतं. तेच घासून टाकलंत!" मॅनेजर म्हणतो कसा, "राहू द्या साहेब. दुसरा हूक देतो, त्याची टेस्ट करा." दुसरा! चांगला! म्हणजे मेला एक आणि पोस्टमॉर्टेम दुसऱ्याचं.

सरांनी त्याला हाकलला आणि मला बोलावलं. कडेला जरा जागा घासायची राहिली होती. "निवृत्ती, हे काळं बघ. ही चीर जुनी आहे, आतून गंजलेली. चकाकतंय तेवढंच त्या दिवशी तुटलं. यात तुझा काही दोष नाही रे." मी तिथंच खाली बसलो आणि रडलो. मग सर स्वतः सुभाषच्या घरी गेले. त्याच्या आईला समजेल असं सगळं सांगितलं.

आणि तुम्ही? "गोसावी अडेलतट्टू आहे." "हवा तसा रिपोर्ट देत नाही." हवा तसा देणारी लॅब शोधलीत. सरांच्या लॅबला कुलूप लागलं, तेव्हा यातला एक तरी बोलला? गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. अहो, तुमची तर गरजही सरली नव्हती. हूक अजून तुटतायत! आणि आज हार बघा केवढे आणलेत. लाज वाटत नाही?

आता दोन मिनिटं शांतता पाळायची. सर खरं बोलतायत हे माहीत असून जे तेव्हा गप्प बसले, त्यांनी खुर्चीतून उठू नये. तुमची शांतता पाळून झालीय. बाकीच्यांनी उभं राहा.

सुभाषची आई तिकडं मागं बसलीय. मावशी, आधी तुम्ही उठा.